आधी दोरीला हात

"दहा लाख," काउंटरमागची मुलगी हसून म्हणाली.

रुपिया, अर्थात. आपले साधारण साडेपाच हजार. पण दोन रात्री विमानतळांच्या खुर्च्यांवर काढलेल्या माणसाला 'दहा लाख' हा शब्द सरळ पोटात लागतो. मुंबई ते जकार्ता, तिथून रात्रीच्या विमानाने पापुआच्या टोकावरचं सोरोंग, सोरोंगहून दोन तासांची बोट, आणि आता वायसाईचा धक्का. राजा अम्पातला आलेला प्रत्येक परदेशी माणूस हे पैसे भरतो. इंडोनेशियाच्या नागरिकाला त्याहून कमी. शुल्क वर्षभर चालतं. पण वर्षभर राहायला रजा कोण देतंय?

"मावशी, हे म्हणजे देवळात शिरायच्या आधीच चपला ठेवायचे पैसे," माझा भाचा निनाद म्हणाला. "विमानाचे दिले, होमस्टेचे दिले, बोटीचे दिले, डायव्हिंगचे देणारच आहोत. आता समुद्रात बुडायचे पण वेगळे?"

निनादचं वय एकतीस. फोनवरच्या एका ॲपला महिन्याला किती जातात हे त्याला माहीत नसतं, पण दहा रुपयांच्या पार्किंगवरून तो वाद घालतो. मी बावन्नाव्या वर्षी स्कुबा शिकले ती त्याच्याच नादाने, म्हणून बोलता येत नाही. मी मुकाट्याने दोघांचे पासपोर्ट पुढे केले. माणशी दोन पावत्या हातात आल्या: एक सात लाखांची, संवर्धनासाठी, दुसरी तीन लाखांची, प्रवेशाची, स्थानिक सरकारची. ही फोड मला आवडली. पहिली पावती कशासाठी ते कळत होतं. दुसरी आपल्या ओळखीचीच, जगात कुठेही असतो तसा कर.

माझं आजोळ मालवणजवळच्या देवबागचं. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे जेमतेम घर बांधण्याएवढी वाळू. तिथे मामाची रापण असायची. पहाटे होडीतून जाळं अर्धगोल सोडून यायचे आणि मग किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसं दोर धरून तासन्‌तास ओढायची. आम्ही सुट्टीला आलेली पोरं काठावर उभी राहून शेवटी जाळ्यात काय चमकतं ते बघायला धावायचो, आणि बांगडे दिसले की पहिले हात आमचे. मामा ओरडायचा, "आदी दोरयेक हात लाय, मगे वाटो माग!" रापणीचा हिशेब वाट्यांचा असतो. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. दोरीला हात लावला तर लहान पोरालाही चार मासे मिळतात. न लावता मिळाले तर ते मागून आणलेले.

वायसाईच्या काउंटरवर मला मामा आठवला असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला तेव्हा फक्त झोप आठवत होती. मामा आठवला चौथ्या दिवशी, आणि तोही माझ्या पराक्रमामुळे. ते पुढे.

राजा अम्पात म्हणजे चार राजे: वायगेओ, बातांता, सालावाती आणि मिसूल ही चार मोठी बेटं, आणि त्यांच्या भोवती मुठीने फेकल्यासारखी शेकडो बारकी. जगात जेवढ्या जातींची कठीण पोवळी माहीत आहेत, त्यातल्या सुमारे पाऊणशे टक्के इथे सापडतात. 2012 साली केप क्री नावाच्या टोकाशी जेराल्ड ॲलन या मत्स्यशास्त्रज्ञाने एका बुडीत 374 जातींचे मासे मोजले. एका बुडीत! मी पहिल्या बुडीत मोजायला घेतले आणि अकरावर थांबले, कारण बाकीचे थांबेनात.

आम्ही उतरलो होतो आरबोरेक बेटावर. बेट कसलं, गावाएवढंच. पायी फेरी मारायला पंधरा मिनिटं पुरतात. बायका केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांच्या टोप्या विणतात, मुलं धक्क्यावरून उड्या मारतात, आणि धक्क्याखालीच, कंबरेएवढ्या पाण्यापासून, मासे सुरू होतात. आमच्या होमस्टेचे मालक साठीचे, पूर्वीचे मच्छीमार. त्यांना सगळे 'पाक' म्हणत, म्हणजे आपलं काका-बाबा. पहिल्या रात्री त्यांच्या घरधनीणीने पापेडा वाढला. सागोची खळ ती, शब्दशः खळ. दोन काट्यांवर गुंडाळून हळदीच्या माशाच्या कालवणात सोडायची. निनादने एक घास घेतला आणि गप्प बसला. मला मात्र आजीची तांदळाची पेज आठवली. कालवणाला कोकम असतं तर मी तिथेच राहिले असते.

पाक तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलत. निनादने त्यांनाही तोच प्रश्न टाकला: आमच्या पैशांचं होतं काय? पाकनी धक्क्यापलीकडे बोट केलं. तिकडे बांधलेली एक लहानशी फायबरची होडी. गावातली पोरं पाळीपाळीने तिच्यातून गस्त घालतात. पेट्रोल लागतं, इंजिन बिघडतं, पोरांना पगार लागतो. "पूर्वी बाहेरच्या बोटी यायच्या, बॉम्ब टाकायच्या," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी पाण्याचा फवारा उडाल्यासारखं केलं. सुरुंगाने मासेमारी. मासा तरंगून वर येतो आणि खालची प्रवाळाची भिंत चुरा होऊन बसते. शार्कचे पंख कापून उरलेलं धड पाण्यात टाकून देणाऱ्याही बोटी यायच्या. राजा अम्पातमध्ये पर्यटकांकडून शुल्क घेणं 2007 साली सुरू झालं. जिल्ह्याने 2010 साली शार्क आणि मांटा माशांना संरक्षण जाहीर केलं आणि 2012 साली त्याचा कायदा केला. शुल्काचा एक भाग गावांच्या कामांकडेही वळवला गेला, त्यात आया आणि तान्ह्या मुलांच्या तपासण्याही होत्या. म्हणजे मी पाण्याखाली फोटो काढत होते त्याचे पैसे कुठल्यातरी बाळाच्या वजनकाट्याला लागले असण्याची शक्यता आहे. ही गोष्ट निनादलाही पटली, पण त्याने चेहऱ्यावर दिसू दिली नाही.

मग पाकनी सासीबद्दल सांगितलं, आणि मी कान टवकारले. सासी म्हणजे ठरावीक भागातला समुद्र ठरावीक काळ बंद. समुद्री काकडी, मोठे शंख, शेवंड, जे काय ठरेल ते त्या मुदतीत काढायचं नाही. बंद करताना चर्चमध्ये प्रार्थना, उघडताना प्रार्थना. मिसूलमध्ये तर बायकांच्या गटाने स्वतःची सासी चालवली आहे. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडेही समुद्र बंद होतो. जून-जुलैत सरकारची मासेमारीबंदी आहे, पण त्याआधीही पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवायची रीत होतीच, आणि नारळी पुनवेला नारळ सोडल्याशिवाय कोणी पाण्यात जात नसे. पाकनी विचारलं, "नारळ? समुद्राला?" मी म्हटलं, हो, आपणच काढून आपणच द्यायचा. ते खूप हसले. मग म्हणाले, "आम्ही बंद करतो तेव्हा आमचं नुकसान असतं. तुम्ही पैसे देता तेव्हा तुमचं. आता दोघांचं झालं."

या वाक्यावर मी रात्रभर विचार करत होते असं लिहायला हवं, पण डासांनी तेवढी उसंत दिली नाही.

चौथा दिवस. केप क्री. प्रवाह जोरात होता. आमच्या डाइव्ह मास्टरने बोटीवरच बजावलं होतं की खडकाजवळ राहा, पण खडकाला लागू नका. हे वाक्य घोड्यावर बसा पण घोड्याला लागू नका अशा जातीचं आहे. पंचवीस मीटरवर समोर बाराकुडांची भिंत, त्यामागे राखाडी शार्क, वरून ट्रेवलींचा पाऊस. मी मान वर करून बघत राहिले आणि प्रवाहाने मला मागे ढकललं. घाबरून मी पाय झाडले. पायातल्या पराला काहीतरी लागलं. पाण्यात आवाज होत नाही म्हणतात. मला मात्र तो कट्‌ असा आवाज पायातून कमरेपर्यंत ऐकू आला.

वळून पाहिलं तर सांबराच्या शिंगासारख्या पोवळ्याची हातभर फांदी तुटून खाली पडली होती. तुटलेली कड पांढरीशुभ्र, खडूसारखी. फांदीत राहणारे चार-पाच बारके निळे मासे आधी विखुरले, मग परत आले आणि ती फांदी जिथे असायची त्या रिकाम्या पाण्यात घोटाळत राहिले. डाइव्ह मास्टर आला, त्याने तुकडा उचलला, दोन खडकांच्या फटीत घट्ट बसवला आणि माझ्याकडे न बघता पुढे गेला. त्याच्या न बघण्यात सगळं होतं.

वर आल्यावर त्याने सांगितलं, हे पोवळं लवकर वाढतं, वर्षाला दहा-वीस सेंटिमीटर. नशीब. गोल दगडासारखी जी पोवळी असतात, ती वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. माझ्या पिशवीत सात लाखांची पावती होती. ती दाखवून तो तुकडा परत जोडता आला नसता.

तेव्हा मामा आठवला. आणि त्याच्याबरोबर मालवणही, कारण ही माझी पहिली फांदी नव्हती.

माझी पहिली बुडी मालवणची, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातली. पोहता न येणाऱ्यालाही अर्ध्या तासात खाली नेऊन आणणारी, व्हिडिओसकट. मला तो अनुभव अजून जवळचा आहे. शिवरायांच्या किल्ल्याचा तट वर आणि आपण खाली, ही भावना दुसऱ्या कुठल्या समुद्रात मिळणार? पण त्या दिवशी काय झालं ते प्रामाणिकपणे सांगते. होडीवाल्याने नांगर टाकला तो खाली काय आहे ते न बघता. पाठीमागून टाकी धरणाऱ्या मुलाने मला फोटोसाठी एका गोल, तपकिरी दगडावर गुडघे टेकवून बसवलं. हातात पावाचा तुकडा दिला, मासे गोळा झाले, मी अंगठा वर केला. तो दगड दगड नव्हता. हे मला सहा वर्षांनी, डायव्हिंगचा रीतसर कोर्स करताना, पुस्तकातल्या चित्रावरून कळलं. तो फोटो अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. माझ्या आधी आणि नंतर त्या दगडावर किती गुडघे टेकले असतील याचा हिशेब मी करत नाही. त्या दिवशी दिलेल्या पैशांत त्या दगडाचा वाटा शून्य होता. पावतीच नव्हती, तर वाटा कुठला?

मालवणचा हा भाग 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र 29 चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा सुमारे तीन चौरस किलोमीटरचा गाभा. गावातल्या लोकांना 'अभयारण्य' हा शब्द कधीच गोड लागला नाही. मामाच्या घरी तो शिवीसारखा उच्चारला जायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं: माझ्या बापजाद्यांनी जिथे जाळं टाकलं तिथे मी टाकायचं नाही, आणि मुंबईचा माणूस तिथे बुडून मजा करणार. बाहेर एलईडीचे दिवे लावून रात्री मासळी उपसणारे मोठे ट्रॉलर वेगळेच. त्याच्या म्हणण्यात चूक काढता येत नव्हती. अजूनही येत नाही. पुढे त्याच गावांतली पोरं स्नॉर्केलिंग आणि स्कुबा शिकली, होड्यांवर टाक्या आल्या, आणि घरात पैसा आला. माझा मामेभाऊ आता मासे पकडत नाही, माणसांना मासे दाखवतो. मामा म्हणतो, ह्या बरा, माशाक वजन करूचा लागणा नाय.

पाचव्या दिवशी होमस्टेवर एक डच जोडपं आलं. दोघंही सत्तरीच्या जवळ, चाळीस वर्षं डायव्हिंग करणारे. निनादने त्यांच्यासमोरही आपलं गाऱ्हाणं मांडलं, तर बाई म्हणाल्या, आमच्या बोनेरला या. कॅरिबियनमधलं हे डच बेट. तिथलं सागरी उद्यान 1979 साली सुरू झालं. बाहेरून आलेला पैसा काही वर्षांत संपला आणि उद्यान उरलं नुसतं कागदावर. मग 1992 साली त्यांनी प्रत्येक डायव्हरला वर्षाला दहा डॉलर लावले. हॉटेलवाले घाबरले होते, गिऱ्हाईक पळेल म्हणून. पळालं नाही. डायव्हरना विचारलं तर बहुतेकांची तयारी होती. त्या पैशांवर उद्यान पुन्हा उभं राहिलं, आणि दहाचे पुढे पंचवीस, मग त्याहून जास्त झाले तरी लोक जातच आहेत. "पण तिथे," बाई म्हणाल्या, "दर बुडीच्या जागी बोटीसाठी तरंगता बोया बांधलेला असतो. नांगर टाकायचाच नाही. पैसे कुठे गेले ते तुम्हाला बोटीतूनच दिसतं."

हे मला फार पटलं. पावती वाचून कोणाचं समाधान होत नाही. बोया दिसला पाहिजे.

निनादने मात्र शेवटचा बाण राखून ठेवला होता, आणि तो लागला. "मावशी, आपण साडेपाच हजार देतो, आणि 2017 च्या मार्चमध्ये याच क्री बेटाजवळ एक क्रूझ जहाज ओहोटीला रुतलं. तेरा हजार चौरस मीटरहून जास्त प्रवाळ गेलं. ते कोणाच्या पावतीत बसतं? आणि निकेल?" निकेलचं खरं होतं. या बेटांपैकी काहींवर निकेलचं खोदकाम चाललं होतं. ओरड झाल्यावर 2025 च्या जूनमध्ये सरकारने पाचपैकी चार कंपन्यांचे परवाने रद्द केले. गाग बेटावरची खाण राहिली. वर डोंगर उघडा केला की पावसात तांबडी माती उतरून पोवळ्यावर बसते, आणि मग खाली गस्तीची होडी काय करणार? समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडतं त्यालाही आमची पावती थंड करू शकत नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये जगभरातलं प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी मोठी लाट जाहीर झाली, ती काही डायव्हरांच्या लाथांनी आलेली नाही.

मी त्याला म्हटलं, तू म्हणतोस ते सगळं बरोबर आहे, पण त्यातून पैसे देऊ नयेत हे कसं निघतं? शेजाऱ्याने भिंत पाडली म्हणून मी घरपट्टी भरायची नाही? उलट ज्याच्या हातात पावती आहे तोच काउंटरवर उभा राहून विचारू शकतो की वर खोदताय ते काय आहे. फुकट आलेला पाहुणा कशाच्या जोरावर बोलणार?

"म्हणजे आपण पैसे देऊन भांडायचा हक्क विकत घेतला?"

"तुला तर परवडेलच," मी म्हटलं.

शेवटच्या दिवशी मांटा सँडीला गेलो. पांढऱ्या वाळूत एका ओळीत दगड मांडलेले. डायव्हर ओळीच्या अलीकडे, मांटा पलीकडे. एका वेळी किती माणसांनी खाली जायचं तेही ठरलेलं. आमच्या आधीची बोट वर येईपर्यंत आम्ही उन्हात तिष्ठत बसलो आणि निनादसुद्धा कुरकुरला नाही. खाली गुडघ्यांवर बसलो. या वेळी नुसत्या वाळूवर, दोनदा चाचपून. वीस मिनिटं काहीच नाही. मग धुरकट पाण्यातून एक सावली आली, चार मीटर रुंद, पंख हलतात की नाही ते कळू नये अशा चालीने, आणि पोवळ्याच्या एका ढिगाऱ्यावर येऊन थांबली. बारके सफाई करणारे मासे तिच्या कल्ल्यांत शिरले, पोटाखालून फिरले. तिने डोळा वळवून आमच्या रांगेकडे पाहिलं. वीस माणसं शाळेतल्यासारखी ओळीत बसलेली बघून तिला काय वाटलं असेल कोण जाणे. ओळ कोणी ओलांडली नाही. एकूण अकरा बुड्या झाल्या. शुल्क वाटून टाकलं तर बुडीमागे पाचशे रुपये. निनादने हे गणित स्वतःच बोटीत केलं आणि स्वतःच म्हणाला, "स्वस्त आहे यार."

परत आल्यावर जानेवारीत देवबागला गेले. मामा ऐंशीचा आहे. ओटीवर बसून जाळं विणतो, आता नुसतं हातांना काम म्हणून. मी त्याला पावती दाखवली आणि सगळं सांगितलं. पोवळं मोडलं तेही सांगितलं. त्याने पावती उलटीपालटी केली आणि विचारलं, "ह्ये पैशे कोणाक गेले? थयच्या माणसांक?" मी म्हटलं, काही त्यांना, काही सरकारला. "मगे ठीक," तो म्हणाला. "सगळे सरकाराक गेले आसते तर दिव नको व्हते."

माझं मत मामाच्या मताहून वेगळं नाही. मालवणला बुडी मारणाऱ्या प्रत्येकाकडून दोनशे रुपये वेगळे घ्यावेत, छापील पावतीवर. ते ज्यांनी गाभ्यात जाळं टाकणं सोडलं त्या गावांच्या मच्छीमारांच्या हातात जावेत, आणि पहिल्या हंगामात त्यातून बुडीच्या जागांवर बोये बांधावेत, जेणेकरून एकही नांगर पोवळ्यावर पडणार नाही. मंत्रालयात जाऊन परत येणारे पैसे मला नकोत. माझ्या मामेभावाला विचारलं तर तो म्हणाला, गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जाईल. सगळ्यांनी एकदमच घेतले तर? तो थोडा वेळ गप्प राहिला. "मगे बघूया," म्हणाला. मालवणीत याचा अर्थ नकार नसतो.

तोवर तुम्ही यंदा तारकर्लीला, मालवणला बुडी मारायला गेलात तर होडीत पाय ठेवण्याआधी एवढंच विचारा: नांगर कुठे टाकणार? 'वाळूत' म्हणाला तर बसा. पावाचा तुकडा हातात दिला तर परत करा. आणि फोटोसाठी कुठल्या दगडावर बसवलं, तर आधी नीट बघा तो दगड आहे का.